चौकशी अधिकाऱ्याचा डावा हात

निरीक्षकांना आयुष्यात खरी भीती एकाच गोष्टीची वाटायची. आपण वाजवलेलं कुणाच्या कानावर पडेल, ही.

एरवी माणूस भित्रा म्हणावा असा नव्हता. वजनमापे खात्यात निरीक्षक. ते बाजारात शिरले की दुकानदार पारड्याखालचं चुंबक काढून खिशात टाकत, आणि मग खिसा जड दिसू नये म्हणून त्यावर हात ठेवून उभे राहत. पेट्रोलपंपावरची माणसं त्यांना न मागता शून्य दाखवत. दुसऱ्याच्या मापातला केसाएवढा फरक पकडण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःतला हातभर फरक चारचौघांत दाखवायची धास्ती वाटणारच. त्यात नवल नाही. नवल हे, की असल्या माणसानं निवृत्ती तोंडावर आलेली असताना पियानो शिकायला घेतला. तोही अभिजात. सोपी गाणी वाजवून पाहुण्यांची करमणूक करावी, असला हलका विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका संगीतकाराची रचना त्यांनी धरली आणि तिच्यातल्या संथ भागाशी त्यांची झटापट सुरू झाली.

पियानो विजेवरचा होता, पण पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड. मुख्य म्हणजे त्याला हेडफोन लावता येत होता. "एकदा हेडफोन लावला की बाहेर चिटपाखराला ऐकू जाणार नाही," असं विक्रेत्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते खरंही होतं. विक्रेत्यानं फक्त चिटपाखराची हमी दिली होती, खालच्या मजल्यावरच्या आजींची नाही.

रोज कचेरीतून आल्यावर निरीक्षक चहा घेत, मागच्या खोलीत जात, कडी लावत, लागली का ते ओढून बघत, हेडफोन चढवत आणि सुरू करत. त्या रचनेत डाव्या हाताला काम थोडं, पण जबाबदारीचं. आधी खालचा एक भारदस्त सूर, मग वरचे दोन हलके. हेडफोनच्या आत ते एखाद्या मोठ्या दालनात दूरवर दिवे लागत जावेत तसं ऐकू यायचं. हेडफोनच्या बाहेर, पियानोच्या पायांतून जमिनीत, ते "धप्प... टक टक. धप्प... टक टक" असं जायचं. हे निरीक्षकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या कानात दिवे लागत होते.

एक जागा मात्र अवघड होती. तिथं उजवा हात वर चढतो, डावा खाली उतरतो, आणि जाताना दोघांनी एकमेकांची ओळख ठेवायची असते. निरीक्षकांचे हात तिथं पोहोचले की वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे तोंडं फिरवायचे. मग निरीक्षक थांबायचे, घाम पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्या बायकोनं यातला एक सूरही कधी ऐकला नव्हता. इस्त्रीचे कपडे ठेवायला म्हणून बाल्कनीकडच्या दारानं ती आत आली, तर तिला दिसायचा तो डोळे मिटून, मान हलवत, मुक्या पट्ट्या दाबणारा आणि मधेच दातओठ खाणारा एक नवरा. गेलं वर्षभर ती हा मूकपट बघत होती. तक्रार नव्हती. तिच्या बहिणीच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद होता.

शिकवायला होत्या पियानोच्या बाई. त्यांनी जन्मभर लहान मुलांनाच शिकवलं होतं, त्यामुळे त्या निरीक्षकांनाही सवयीनं "बाळ" म्हणत. "बाळ, मनगट सोड. त्यावर काय इस्त्री ठेवलीय? आणि तो डावा हात! सूर दाबायचा असतो रे, ठेचायचा नसतो." बाईंपुढे निरीक्षकांच्या बोटांचं लाकूड व्हायचं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं घाऊक बाजार गप्प होतो, ते बाईंच्या पेन्सिलीकडे बघत "हो बाई" म्हणायचे.

आणि हेच निरीक्षक आपल्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. घोळ झाला तो इथं.

एका संध्याकाळी दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. एकट्या राहणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण बोलताना काठी न लागणाऱ्या.

"सेक्रेटरी, माझ्या छतात कुणीतरी आहे."

निरीक्षक घाईघाईनं आले होते. हेडफोन गळ्यातच राहिला होता.

"कुणीतरी म्हणजे?"

"ठोकतंय हो. आधी एक मोठा ठोका, मग दोन बारीक. खूप वेळ चालतं. मग मधेच एकदम थांबतं. थांबलं की माझ्या छातीत धस्स होतं बघा. हे गळ्यात काय तुमच्या? कानाचं काही दुखणं?"

"अं... हो. जरा दडे बसतात."

"तरीच! तरीच तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमच्या पायाखालीच आहे ते."

एका क्षणात निरीक्षकांना सगळं लख्ख कळलं. धप्प, टक टक. खरं बोलायला तेव्हा अर्धं वाक्य पुरलं असतं. पण सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाची जीभ तक्रार समोर आली की स्वतःच्या वाटेनं जाते.

"चौकशी होईल," निरीक्षक म्हणाले.

आजी गेल्या. स्वयंपाकघरातून बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, ते ठोकणारं तुम्हीच की."

"मला कळतं ते."

"मग खाली जाऊन सांगा. त्या काय फाशी देणार आहेत?"

"सांगितलं तर म्हणतील, काय वाजवता? आणि मग म्हणतील, वाजवून दाखवा!" हे शेवटचे दोन शब्द निरीक्षकांनी असे उच्चारले, की जणू कुणी 'गच्चीवरून उडी मारून दाखवा' म्हणालं असावं.

"मग आता?"

"आता चौकशी सुरू झालीय. चौकशी चालू असताना अधिकाऱ्याला काही बोलता येत नाही."

"आणि अधिकारी कोण?"

"मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरीक्षक आजींच्या खोलीत चौकशीला बसले. सोबत निरीक्षकांच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंत्राटदार आणि आजींच्या खालच्या मजल्यावर दवाखाना थाटलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. सगळे माना वर करून छताकडे बघत राहिले. अर्थातच ठोका पडला नाही. ठोकणाराच खुर्चीत बसून छताकडे बघत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बसवेना म्हणून निरीक्षक वर गेले, अगदी हलकं वाजवू म्हणून हेडफोन लावला, तर आजींचा फोन. "सुरू झालं!" निरीक्षक धावत खाली. शांतता.

"बघा," आजी कंत्राटदारांना म्हणाल्या, "सेक्रेटरी आले की ते गप्प बसतं. घाबरतं त्यांना."

ही बातमी इमारतभर पसरली आणि निरीक्षकांचा मान एकदम वाढला. जिन्यात लोक बाजूला होऊन त्यांना वाट देऊ लागले. एक बाई आपल्या हट्टी मुलाला त्यांच्यासमोर उभं करून म्हणाल्या, "नुसतं बघा त्याच्याकडे." आजींनी तर रोज संध्याकाळी येऊन बसायची गळच घातली. म्हणजे वाजवायच्या वेळेला चहा पीत, आपण आपल्यालाच घाबरून गप्प झालोय, असं चित्र निर्माण करत बसायचं. निरीक्षकांना हा मान घशाखाली उतरेना. ते बसत आणि टेबलाखाली मांडीवर बोटं हलवत.

पण निदान आवाज थांबला होता. प्रकरण विझलं असतं. ते कंत्राटदारांना बघवलं नाही.

"थांबला?" कंत्राटदार गंभीर झाले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ इमारती बांधल्या होत्या आणि त्यांतल्या काही अजून उभ्या होत्या, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. "हे वाईट झालं. स्लॅब बोलत होता तोवर ठीक होतं. काँक्रीट जाण्याआधी कण्हतं. कण्हायचं थांबलं की समजावं..." आणि त्यांनी तळहात सावकाश खाली आणून मांडीवर ठेवला.

त्या तळहातानं इमारतीची झोप उडवली. लोक घरात पावलं मोजून टाकू लागले. पलंग भिंतीकडे सरकले. एका गृहस्थांनी कपाट हलकं व्हावं म्हणून पुस्तकं काढून मेव्हण्याकडे पाठवली. मेव्हण्यानं ती कधी वाचली नाहीत, पण परतही केली नाहीत. डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं होतं. "आम्ही दाताला ठोकून बघतो ना, पोकळ आहे का ते. तसं कुणीतरी आपली इमारत ठोकून बघतंय." कोण, हे त्या सांगत नसत, त्यामुळे त्यांच्या मताची भीती जास्त वाटे.

शांततेनं लोक इतके घाबरले, की त्यांचा जीव जरा खाली पडावा म्हणून निरीक्षकांनी पुन्हा वाजवलं. हे त्यांनी बायकोला दिलेलं कारण. खरं म्हणजे त्यांच्यानं राहवलं नव्हतं. कचेरीत शिक्का मारतानासुद्धा त्यांचा हात एक जोरात, दोन हळू, असा पडू लागला होता.

"आला! आला!" खालून आजी ओरडल्या, आणि त्या ओरडण्यात भीती होती की आनंद, हे वर निरीक्षकांना ठरवता आलं नाही.

मग प्लंबर आला. त्यानं नळाला कान लावला. "पाइपात हवा कोंडलीय साहेब. पाणी डोकं आपटतं आतल्या आत." कोंडलेली हवा सोडायला त्यानं एक जोड उघडला. हवा गेली, पाठोपाठ पाणीही गेलं, आणि इमारत कोरडी पडली. निरीक्षक बादली घेऊन जिना चढताना जो भेटेल तो विचारी, "सेक्रेटरी, चौकशी कुठवर आली?"

"प्रगतिपथावर आहे," निरीक्षक म्हणत आणि बादली दुसऱ्या हातात घेत.

शेवटी कंत्राटदार त्यांना ओढून नगरपालिकेत घेऊन गेले. खिडकीच्या अलीकडच्या बाजूला उभं राहायची निरीक्षकांची ही पहिलीच वेळ. आवाज खात्याचं म्हणणं असं, की आवाज होतो संध्याकाळी, खातं बंद होतं दुपारी, तेव्हा खात्याच्या दृष्टीनं आवाज होतच नाही. इमारत खात्यानं विचारलं, तडा आहे का? नाही? मग तडा गेला की या. निरीक्षकांनी आपलं ओळखपत्र पुढे सरकवलं. पलीकडच्या माणसानं ते उलटसुलट करून बघितलं. "वजनमापे का? अच्छा. बसा मग तिथं बाकावर." निरीक्षक बाकावर बसले आणि खात्यानं काही म्हणजे काही करू नये, अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली. एका नागरिकानं पहिल्यांदाच असं काही मागितलं, आणि नेमकं त्याच दिवशी खात्यानं काम केलं. कंत्राटदारांचा एक जुना मित्र आत निघाला.

आला तो इंजिनिअर तरुण होता. डोक्यावर पिवळी टोपी. त्यानं आजींचं छत हातोडीनं ठोकून बघितलं.

"हाच आवाज?"

"नाही," आजी म्हणाल्या. "तुमचा फार पोरकट आहे. त्याचा भारदस्त असतो."

निरीक्षकांना वाटायला नको होतं, पण बरं वाटलं.

"पोकळ वाटतंय," इंजिनिअर म्हणाला. "जोखीम नको." आणि दुसऱ्या दिवशी आजींच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी टेकू उभे राहिले. पलंगाला जायला आजींना आता दोन टेकूंमधून तिरकं व्हावं लागे.

टेकूंचा एक गुण इंजिनिअरच्या ध्यानात आला नव्हता. लोखंड आवाजाला फार मदत करतं. इतके दिवस आजींच्या छतात राहणारा ठोका आता टेकूंवरून घसरत थेट दवाखान्यात उतरला. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. डॉक्टरीणबाईंनी "आता जरासं दुखेल" म्हटलं आणि डोक्यावर "धप्प" झालं. गृहस्थ तोंडात कापूस आणि छातीवर फडकं, तसेच जिना उतरून गेले ते परत आले नाहीत. भीती पहिल्या मजल्यावरून पार्किंगमध्ये पोहोचली. दोन कुटुंबं नातेवाइकांकडे राहायला गेली. इंजिनिअरनं हुकूम काढला: चौकशी पुरी होईपर्यंत इमारत धोक्याची समजावी, आधी आजींनी घर सोडावं.

निरीक्षक खाली गेले तेव्हा आजी टेकूंच्या मधे बसून कपडे घड्या करत होत्या.

"उद्या मुलगा येतोय न्यायला," त्या म्हणाल्या. "चांगलं घर आहे हो त्याचं. खूप वरच्या मजल्यावर. खिडक्या उघडत नाहीत तिथल्या, आत थंड हवा सोडलेली असते. दोघं दिवसभर बाहेर. काही म्हणजे काही आवाज येत नाही तिथं." त्यांनी एक घडी मोडून पुन्हा घातली. "खरं सांगू? मला ह्या ठोक्यापेक्षा त्या घराची भीती वाटते. इथं निदान भीती घालायला तरी कुणीतरी आहे."

"पण आजी, परत येता येईल की. चौकशी संपली की."

"ह्या वयात निघालेलं माणूस परत येतं का? तुम्ही सेक्रेटरी आहात म्हणून बोलताय." मग जरा थांबून, "ह्या कुंड्या तुमच्याकडे ठेवाल?"

निरीक्षक दोन कुंड्या छातीशी धरून वर आले. कुंड्या खाली ठेवून ते बायकोला म्हणाले, "उद्या सभा बोलावतो. आपल्याकडेच." त्यांचा चेहरा पाहून बायकोनं एकदाही "मी सांगत होते" म्हटलं नाही. लग्नानंतर हे प्रथमच घडलं आणि त्यानं निरीक्षक आणखीच घाबरले.

सभेला सगळे आले. बाहेरच्या खोलीत मावेनात, तेव्हा काही जिन्यात उभे राहिले. पिवळ्या टोपीचा इंजिनिअर होता. आजींचा मुलगा गाडीची किल्ली बोटात फिरवत दाराशी उभा होता. आजी खुर्चीत, पायाशी बॅग.

निरीक्षक उभे राहिले.

"तो आवाज," ते म्हणाले, "मी करतो."

मग कंत्राटदार उठले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बघा! ह्याला म्हणतात सेक्रेटरी! लोकांची भीती जावी म्हणून सगळं अंगावर घेतोय हा माणूस. अहो, पण स्लॅब का तुमच्या सांगण्यावर थांबणार आहे?"

"नाही हो, खरंच मीच. मी पियानो वाजवतो."

"पियानो?" डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "इतक्या दिवसांत एक सूर नाही ऐकला कुणी. ताण आहे, दुसरं काही नाही. भीतीनं होतं असं. खुर्चीत बसल्यावर माझे पेशंटही वाटेल ते कबूल करतात."

"शिवाय," इंजिनिअर म्हणाला, "आमच्या तपासणीत 'माणूस' हे कारणच नाहीये."

दुकानदारांनी आजवर निरीक्षकांच्या तोंडावर ढीगभर खोटं सांगितलं होतं आणि ते त्यांनी पकडलं होतं. आपण खरं सांगितल्यावर पकडणारा कुणी नाही, हा अनुभव नवा होता. ते हताश होऊन बायकोकडे बघू लागले.

"अहो, बोलत काय बसलात?" ती म्हणाली. "वाजवा."

मागच्या खोलीत गर्दी झाली. डॉक्टरीणबाई आजींना आधार देत ऐकण्यासाठी खाली गेल्या. निरीक्षकांनी हेडफोन चढवला. त्यांनी सुरू केलं. खोलीतल्या लोकांना ऐकू येत होती फक्त पट्ट्यांची हलकी खटखट आणि सेक्रेटरींचा श्वास. समोर दिसत होता डोळे मिटून, मान डोलावत, काहीच न वाजवणारा एक माणूस.

"वहिनी," कंत्राटदार कुजबुजले, "हे असं कधीपासून?"

"वर्ष झालं."

"अरेरे!"

"येतोय!" खालून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "येतोय आवाज! तोच!"

"योगायोग असू शकतो," इंजिनिअर म्हणाला.

तेव्हा बायको पुढे झाली आणि तिनं हेडफोनची वायर उपटली.

खोली एकदम भरून गेली. इतका मोठा आवाज ह्या पेटीत होता, हे निरीक्षकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दचकून डोळे उघडले. भिंतीपर्यंत माणसंच माणसं, आणि सगळ्यांना ऐकू येतंय. पळून जावं असं त्यांच्या पायांना वाटलं. पण हात सवयीचे, ते चालत राहिले. पहिला भारदस्त, मग दोन हलके. त्यांच्या प्रत्येक चुकीला मागे कुणीतरी खोकतंय असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कुणी खोकत नव्हतं. कुणी हलतही नव्हतं. कंत्राटदारांचं तोंड उघडं राहिलं होतं. बायको वायर हातात धरून तशीच उभी होती. तिच्या मूकपटाला पहिल्यांदा आवाज आला होता.

मग ती जागा आली. उजवा वर चढला, डावा खाली उतरला, दोघांनी तोंडं फिरवली. निरीक्षक थांबले.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. जिन्यावर काठीचा आवाज यायला लागला. पायरी, काठी, पायरी, काठी. गर्दीतून वाट काढत आजी डॉक्टरीणबाईंबरोबर आत आल्या, पियानोजवळ उभ्या राहिल्या, आणि त्यांना आधी धाप टाकून घ्यावी लागली.

"पुढे?"

"पुढचं... मला येत नाही, आजी."

"रोज इथंच थांबता."

"हो."

"अहो, मला वाटायचं, जो कोण आहे तो रोज इथवर येतो आणि इथं मरतो! ठोक्याची भीती नव्हती हो मला. ह्या थांबण्याची होती." आजींनी काठीनं पियानोच्या पायाला हलकेच टोचलं. "आणि हे इतकं छान होतं, तर मला नुसती धपधप का ऐकवलीत इतके दिवस? लाज नाही वाटत?"

"लाज वाटत होती म्हणूनच," निरीक्षक पुटपुटले.

"म्हणजे स्लॅब चांगला आहे?" कंत्राटदारांनी विचारलं. त्यांच्या आवाजात निराशा होती. ती कुणी मनावर घेतली नाही.

सभेनं तिथल्या तिथं ठराव केला. मांडला डॉक्टरीणबाईंनी. यापुढे सेक्रेटरींनी हेडफोन लावून वाजवण्यास सक्त मनाई. कारण सूर नसलेल्या ठोक्यांनी जीव घाबरतो, सुरासकट असले तर माणसाला निदान काय चाललंय ते कळतं. निरीक्षकांनी विरोध केला. ठराव आपल्याचविरुद्ध असला की सेक्रेटरीला मत नसतं, असं कंत्राटदारांनी सांगितलं. नियम कुठला ते कुणी विचारलं नाही. टेकू मात्र राहिले. उभे करायला हुकूम पुरतो. काढायला वेगळी परवानगी लागते, इंजिनिअर म्हणाला.

राहिला मुलगा. तो अजून दाराशी किल्ली घेऊन उभा होता.

"आई, ठीक आहे, इमारत पडत नाही. पण यायचं ठरलंय ना आपलं? खोली तयार केलीय."

"अरे, आत्ता कशी येऊ? त्यांचं अजून पुरं झालेलं नाही. मी इतके दिवस ऐकलं, आता शेवट काय होतो ते नको का कळायला?"

मुलगा समजूतदार होता. नवा नळ किती दिवसांत बसेल असं प्लंबरला विचारावं, तसं त्यानं निरीक्षकांकडे बघितलं. "काका, तुमचं हे पूर्ण व्हायला किती लागेल? आठवडा?" आणि आईला म्हणाला, "बरं. त्यांचं पूर्ण होईपर्यंत राहा. झालं की मी येतो. मग मात्र कारण नको."

अशा रीतीनं निरीक्षकांच्या भीतीला सरकारी कामासारखी कायमची जागा मिळाली. रोज संध्याकाळी खालून खुर्ची ओढल्याचा आवाज येई. म्हणजे आजी बसल्या. जिन्यात कंत्राटदार खाकरत. "आज डावा जरा जड पडला," असं ते जाता जाता सांगत. काँक्रीट गेलं तरी अधिकार गेला नव्हता. टेकूंवरून दवाखान्यातही सगळं पोहोचत होतं. पेशंट आता तो आवाज बुडावा म्हणून "डॉक्टर, तुमचं मशीन सुरू करा ना," असं आपणहून म्हणत. निरीक्षक सुरू करत, त्या जागेशी अडकत, आणि खालून आजी ओरडत, "पुढे!"

आणि निरीक्षकांना दुहेरी घोर लागला. बसलं नाही, तर रोज इमारतीपुढे शोभा. बसलं, तर आजी चालल्या. जाणूनबुजून चुकावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण चुकीचं माप मुद्दाम देणं त्यांच्या हातून होईना. तशी चुकायला त्यांना मदत लागत नव्हती, हे एक बरं होतं.

मग एके दिवशी बाईंकडे ते बसलं. का, ते सांगता येणार नाही. उजवा चढला, डावा उतरला, दोघं वाटेत भेटले, एकमेकांना हसले आणि पुढे गेले. निरीक्षक शेवटपर्यंत पोहोचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बसलं की रे बाळ!" बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "रडायला काय झालं?"

"बाई," निरीक्षकांनी डोळे पुसत विचारलं, "ह्याच्यापुढे काही आहे का हो?"

"आहे की. शेवटचा भाग. पण तो वेगाचा. भयंकर अवघड. तुझ्या वयात त्याच्या वाटेला जाऊ नये. वर्षं जातात त्यात. आयुष्यही जातं."

"द्या," निरीक्षक म्हणाले, इतक्या झटकन, की बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

त्याच संध्याकाळी मुलाची गाडी खाली उभी होती. सहज आला होता, आईला भेटायला. निरीक्षकांनी संथ भाग सुरू केला. ती जागा आली आणि गेली. शेवटचा सूर त्यांनी बाईंनी सांगितल्यासारखा सोडला. दवाखान्यातलं यंत्र थांबलं होतं. जिन्यात कंत्राटदार खाकरायचे थांबले होते.

खालच्या खिडकीतून आजींचा आवाज आला. बारीक, घाबरलेला.

"संपलं का हो सेक्रेटरी?"

निरीक्षक खिडकीशी धावले. खाली आजी, त्यांच्या खांद्याशी मुलगा, दोघांची तोंडं वर. निरीक्षकांचा आवाज मात्र बाजारात लागतो तसा खणखणीत लागला.

"छे हो आजी! ही तर नुसती सुरुवात! खरं लांबलचक तर पुढेच आहे!"

आणि धावत परत येऊन त्यांनी नवं पान उघडलं, एक सूरही न बघता दोन्ही हात वर उचलले, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून, सपशेल चुकीच्या पट्ट्यांवर आपटले.